खराट्याचा धडा

(अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगे बाबा यांनी हाती खराटा घेऊन गावे स्वच्छ केली आणि कीर्तनातून लोकांना व्यसन, कर्ज व अज्ञान यांपासून दूर राहायला शिकवले. वाईट सवय कशी सुटते, हे त्यांच्या जीवनातून या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांना एखादी वाईट सवय आहे? वर्गात हा प्रश्न विचारला तर कोणीही हात वर करणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मनातल्या मनात प्रत्येकाला आपली सवय आठवेल. कोणी नखे खातो. कोणी अभ्यास उद्यावर ढकलतो. कोणी रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहतो आणि सकाळी उठत नाही. कोणाच्या खिशात गुटख्याची पुडीही असेल. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी खाणारे खातातच.

सवय सोडायची, असे आपण कितीदा तरी ठरवतो. घरी वडील रागावले, शाळेत गुरुजी रागावले की आपण कान पकडतो. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू होते. असे का होते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

या प्रश्नाचे उत्तर मला एका अशा माणसाच्या जीवनात सापडले, ज्याला शाळेत जायला मिळाले नाही. त्याच्याजवळ पैसा नव्हता, सत्ता नव्हती, घर नव्हते. होता फक्त एक खराटा आणि एक मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगे बाबा म्हणू लागले.

त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या गावी एका परीट कुटुंबात झाला. परीट म्हणजे धोबी. आईचे नाव सखुबाई. घर तसे सुखी होते. पण वडिलांना, म्हणजे झिंगराजींना, दारूची सवय लागली. त्या काळी लग्न असो, मूल जन्मलेले असो की देवाचा नवस असो, जेवणात दारू आणि मटण असलेच पाहिजे, अशी रीत होती. पाहुण्यांना दारू द्यायची आणि त्यांच्याबरोबर आपणही प्यायची. एका घोटाचे दोन झाले, दोनाचे दहा झाले. हळूहळू घरातले सारे गेले आणि शेवटी झिंगराजीही गेले. तेव्हा डेबू अवघा आठ वर्षांचा होता.

मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. झिंगराजी वाईट माणूस होते काय? नाही. चार लोक करत होते तेच त्यांनी केले. वाईट सवय दारात उभी राहून आपले नाव सांगत नाही. ती रीत बनून, मैत्री बनून किंवा गंमत बनून घरात शिरते.

पतीच्या मृत्यूनंतर सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या. डेबू आजोळी वाढला. तो मामाची गुरे राखी, नांगर धरी, पूर्णा नदीत पोहे. शेतातल्या कोणत्याही कामाला तो मागे हटत नसे. दिवसभर काम करून तो रात्री भजनात रमे. गावातली इतर तरुण मुले संध्याकाळी कोठे जातात, हे त्याला दिसत होते. आपण तेथे जायचे नाही, एवढे ठरवून तो थांबला नाही. रोजच्या संध्याकाळसाठी त्याने दुसरी जागा शोधली.

आजोळी डेबूने आणखी एक दुःख पाहिले. त्याच्या मामांना लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, ते त्यांना कळले नाही. त्या कागदाच्या जोरावर सावकार जमिनीवर हक्क सांगू लागला. डेबू शेतात ठाम उभा राहिला. पण कागद वाचता न येण्याची किंमत काय असते, हे त्याच्या मनावर कायमचे कोरले गेले. बापाला दारूने नेले आणि मामाला कर्जाने व अज्ञानाने बुडवले. पुढे आयुष्यभर डेबूजी या तीन शत्रूंशी लढत राहिले.

पहिली लढाई मात्र त्यांना स्वतःच्या घरातच लढावी लागली. डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. त्यांना मुलगी झाली. तिच्या बारशाचा दिवस आला. आपल्याकडे जसा अकीक्याला आप्तांना जेवायला बोलावतात, तसेच बारशालाही भाऊबंदांना जेवण द्यावे लागे. जातीची रीत ठरलेली होती. दारू आणि मटण हवेच. डेबूजींच्या समोर दोन वाटा होत्या. रीत पाळायची, नाहीतर कोणाला बोलवायचेच नाही. त्यांनी तिसरी वाट काढली. त्यांनी सर्वांना बोलावले, मानाने बसवले आणि पानात गोड जेवण वाढले. दारूचा थेंब नाही, मांसाचा तुकडा नाही.

भाऊबंद चिडले. जातीची रीत मोडली म्हणून कुरकुर झाली. डेबूजी शांत राहिले. आलेला पाहुणा उपाशी उठला नव्हता. समारंभ झाला, बाळाचे कौतुक झाले, सगे-सोयरे एकत्र बसले. दारूवाचून काहीही अडले नाही, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

या छोट्या प्रसंगात फार मोठी गोष्ट आहे. डेबूजींनी समारंभ बंद केला नाही. समारंभातली दारू काढली आणि तिच्या जागी गोड जेवण ठेवले. नुसती दारू काढली असती, तर पान रिकामे राहिले असते. रिकामे पान कोणाला आवडेल? पुढच्या वेळी त्यात पुन्हा दारूच आली असती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मातीचे गाडगे आणि हातात खराटा, असा त्यांचा वेष होता. त्याच गाडग्यात ते भाकरी घेत, त्यातच पाणी पीत. त्यांना पाहून पोरे मागे लागत. वेडा आला म्हणून लोक हसत. बाबा रागावत नसत. कोणाच्या दारी भाकरी मागायची झाली, तर आधी त्या घरचे एखादे काम करत आणि मगच भाकरी खात. फुकटचे खाण्याची सवय त्यांनी स्वतःला लागू दिली नाही.

ते एखाद्या गावात शिरले की प्रथम कोणालाही उपदेश करत नसत. ते सरळ खराटा चालवू लागत. ज्या गल्लीत घाण जास्त, तेथून सुरुवात करत. तासभर, दोन तास खराट्याचा खर्र खर्र आवाज चाले. आधी लोक दारातून पाहत. मग एखाद्याला लाज वाटे. आपल्या दारातली घाण परका माणूस काढतो आहे आणि आपण उभे आहोत! तो घरातून झाडू घेऊन येई. त्याला पाहून शेजारी येई. दिवस मावळेपर्यंत गाव स्वच्छ होई.

रात्री लोक बाबांच्या कीर्तनाला जमत. कीर्तन म्हणजे गाणे, गोष्ट आणि उपदेश यांचा मेळ. बाबांची भाषा साधी, वऱ्हाडी. ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तरे काढून घेत. कर्ज काढून लग्नाचा थाट करावा का? दारूने कोणाचे भले झाले आहे का? देव मुक्या जनावराचा जीव मागतो का? माणसाने माणसाचा विटाळ मानावा का? शेकडो लोक एका आवाजात नाही म्हणत. स्वतःच्या तोंडाने चारचौघांत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट करताना माणसाचा हात थोडा तरी अडखळतो. बाबांना माणसाच्या मनाची ही ओळख होती.

पण येथेही त्यांनी कोठे जागा रिकामी सोडली नाही, हे लक्षात घ्या. जत्रेत नवसाचे बोकड कापू नका, असे ते सांगत आणि त्याच जत्रेत आंधळ्या-पांगळ्यांना, गोरगरिबांना जेवू घालत. पुण्य मिळवण्याची लोकांची इच्छा त्यांनी मारली नाही. तिला चांगली वाट दिली. लग्नात कर्ज काढून पैसा उडवू नका, असे ते सांगत आणि तोच पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा, असेही सांगत. घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, हा त्यांच्या कीर्तनातला नेहमीचा उपदेश होता. स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस हे सांगत होता, म्हणून ते लोकांना पटत होते.

मित्रांनो, बाबांचा जन्म विदर्भातला असला तरी त्यांचे बोल आपल्यालाही परके नाहीत. आपले अंबाजोगाई मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी याच गावाचे मोमिनाबाद हे जुने नाव तुम्ही ऐकले असेल. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. ही उचल कधी दवाखान्यासाठी, कधी पोटासाठी असते. तेथे इलाज नसतो. पण कधी ती लग्नाच्या थाटात जाते आणि पुढचे दोन-तीन हंगाम अंगावर राहते. मग मुलाची शाळा सुटते. बाबांनी सांगितलेली कर्जाची गोष्ट म्हणूनच जुनी झालेली नाही.

लोकांनी बाबांच्या झोळीत पैसा टाकला. त्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. नदीवर घाट बांधले. गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे काढली. पंढरपूरला ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांच्यासाठी बांधलेल्या धर्मशाळेला त्यांनी संत चोखामेळा यांचे नाव दिले. पुढे ती इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली. बाबा कोणाला आपल्या पाया पडू देत नसत. आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. लोकांनी आपली पूजा करावी, असे त्यांना वाटत नव्हते. लोकांनी आपले काम उचलावे, असे वाटत होते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीजवळ, प्रवासातच त्यांची प्राणज्योत मालवली. जन्मभर चालत राहिलेला हा माणूस वाटेवरच थांबला. महाराष्ट्र शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. त्यात गावोगावच्या लोकांनी स्वतः खराटे हाती घेतले. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. ज्याला अक्षर ओळखण्याची संधी मिळाली नाही, त्याच्या नावाच्या विद्यापीठातून आज हजारो मुले पदवी घेऊन बाहेर पडतात.

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे येऊ. सवय सुटत का नाही? माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण खिशात नेहमी गुटख्याची पुडी. मी रागावलो, पुडी काढून घेतली, त्याला वर्गाबाहेर उभे केले. दुसऱ्या दिवशी नवी पुडी. मला वाटले, हा मुलगा ऐकणारा नाही. नंतर एकदा मी त्याला जवळ बसवून नीट विचारले, तेव्हा कळले की तो पुडी फक्त शाळेत येताना, पानटपरीजवळ मोठी मुले भेटली की घेत असे. तेव्हा मला बारशाचा तो प्रसंग आठवला. मी त्याच्या हातातून पुडी काढली होती, पण त्याच्या हातात काहीच दिले नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून दोन गोष्टी ठरवल्या. तो टपरीच्या रस्त्याने न येता दुसऱ्या गल्लीने एका मित्राबरोबर येईल आणि खिशात फुटाणे ठेवील. तोंड चाळवले की फुटाणे खायचे. हे काम लगेच झाले नाही. तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याने स्वतः येऊन मला सांगितले. मी रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुटाणे. वर्ष संपताना त्याच्या खिशात पुडी नव्हती. त्याला शिकवताना मी स्वतःही काहीतरी शिकलो.

शास्त्रज्ञांनीही सवयींचा अभ्यास केला आहे. लंडनमधील एका विद्यापीठात नवी सवय अंगी लागायला किती दिवस लागतात, हे पाहिले गेले. २०१० साली तो अभ्यास छापून आला. त्यात सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ दिवस पुरतील, तर कोणाला आठ महिन्यांहून अधिक लागतील, असा अंदाज निघाला. आणखी एक गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केले की झाले. म्हणून एकदा घसरलो की संपले, असे मानू नका.

नवी सवय एखाद्या ठरलेल्या वेळेला बांधली की ती लवकर रुजते. अजान ऐकली की नमाजी माणूस उठतो आणि वुजूसाठी पाण्याकडे जातो. त्याला रोज नव्याने ठरवावे लागत नाही. तसेच तुम्हीही करू शकता. शाळेतून घरी आलो, हात-पाय धुतले की आधी दहा मिनिटे गणित. रात्री जेवण झाले की मोबाइल आईजवळ आणि हातात गोष्टीचे पुस्तक. एका वेळी एकच सवय घ्या. ती लहान असू द्या.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी झिंगराजींसारखे दुःख असेल. वडील पीत असतील, भाऊ पत्ते खेळत असेल. त्याची लाज बाळगून मान खाली घालू नका. बापाची सवय मुलाच्या नशिबात लिहिलेली नसते. दारूने ज्याचा बाप नेला, त्या डेबूने हजारो लोकांना दारूपासून दूर नेले. वडिलांची सवय तुम्ही एका दिवसात बदलू शकणार नाही. पण स्वतःची सवय बदलायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

आज घरी गेल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर आपली एक वाईट सवय लिहा. ती कोणाला दाखवू नका. तिच्यासमोर तिच्या जागी काय ठेवणार, ते लिहा. ती दुसरी जागा कोरी ठेवू नका. मग उद्या सकाळी खराटा चालवायला सुरुवात करा. सुरुवात आपल्याच दारापासून.

शब्दार्थ
खराटा – काड्यांचा मोठा झाडू. गाडगे – मातीचे लहान भांडे. व्यसन – वाईट सवय, लत. रीत – पद्धत, रिवाज. बारसे – बाळाचे नाव ठेवण्याचा समारंभ. आजोळ – आईचे माहेर, ननिहाल. भाऊबंद – नात्यातील लोक, रिश्तेदार. विटाळ मानणे – दुसऱ्याचा स्पर्श अपवित्र समजणे. उचल – कामाआधी घेतलेली रक्कम, पेशगी. प्राणज्योत मालवणे – मृत्यू होणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गाडगे बाबांचे मूळ नाव काय होते?
(आ) सखुबाई डेबूला घेऊन कोठे आल्या?
(इ) चोखामेळा धर्मशाळा बाबांनी कोणाला दिली?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुलीच्या बारशाला डेबूजींनी काय केले? भाऊबंद का चिडले?
(आ) गावात आल्यावर बाबा आधी उपदेश का करत नसत?
(इ) गुरुजींनी नुसती पुडी काढून घेतली, तेव्हा मुलाची सवय का सुटली नाही?

३. वाक्यांत उपयोग करा : कान पकडणे, मनावर कोरणे, हात अडखळणे, वाट काढणे.

४. उपक्रम : आपल्या गल्लीतील एक जागा मित्रांच्या मदतीने सलग सात दिवस स्वच्छ ठेवा. आठव्या दिवशी काय बदल दिसला, ते दहा ओळींत लिहा.